पाद्री आणि प्रापंचिक : ही भिंत बायबलची की पुरोहितशाहीची?

१८८५ सालची गोष्ट आहे. पंडिता रमाबाई तेव्हा इंग्लंडमध्ये होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज या गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. तेथील मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. नव्या धर्मात आलेल्या या विदुषीने चर्चची शिकवण जशीच्या तशी मान्य करावी, बिशप आणि धर्मगुरू सांगतील ते प्रमाण मानावे, अशी तिथल्या मंडळींची अपेक्षा होती. रमाबाईंनी सिस्टरना सरळ कळवले की, हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. तसलेच दुसरे जोखड पुन्हा मानेवर घेण्याची आपली तयारी नाही.

नेमक्या त्याच वर्षी इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले ‘सत्सार’चे अंक काढून रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण करीत होते. धर्म बदलला म्हणून एका स्त्रीवर तुटून पडणाऱ्या पंडितांना जोतीरावांनी त्यांच्याच ग्रंथांचा आरसा दाखवला. एक स्त्री तिकडे बिशपांना जाब विचारते आहे आणि एक माळी इकडे भटांना जाब विचारतो आहे. दोघांचा प्रश्न एकच होता : माणूस आणि सत्य यांच्यामध्ये हा दलाल कशाला?

आज तोच प्रश्न ख्रिस्ती चर्चला विचारायचा आहे. चर्चमध्ये एका बाजूला दीक्षित पाद्री आणि दुसऱ्या बाजूला बाकावर बसणारा सामान्य प्रापंचिक अशी विभागणी सर्वत्र दिसते. ही विभागणी बायबलने सांगितली आहे काय? की ती मागाहून कोणी उभी केली?

कोणी म्हणेल, आपण बौद्ध. ख्रिस्ती लोकांच्या घरातल्या भानगडीशी आपला काय संबंध? संबंध आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सोलापूर, जालना या भागांत अमेरिकन आणि इतर मिशनांच्या काळात ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांत बहुसंख्य आपलेच महार आणि मांग बांधव होते. एकाच वाड्यातली काही घरे पुढे बौद्ध झाली, काही ख्रिस्ती राहिली. भाऊबंदकी एक, सोसलेले दुःख एक. शिवाय पुरोहितशाही हा रोग एकट्या हिंदू धर्माचा नाही. तो कोणत्या वाटेने घरात शिरतो हे समजून घेतले, तर आपलेही दार बंद करता येईल.

शब्दांची साक्ष

इंग्रजीत पाद्रीवर्गाला ‘क्लर्जी’ आणि सामान्यांना ‘लेइटी’ म्हणतात. हे दोन्ही शब्द ग्रीक भाषेतून आले. ‘क्लेरोस’ म्हणजे वाटा, हिस्सा, चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला भाग. ‘लाओस’ म्हणजे लोक, प्रजा. आता गंमत पाहा. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडीलधाऱ्यांना ताकीद दिली आहे की, तुमच्या वाट्याला आलेल्यांवर धनीपणा गाजवू नका. तेथे ‘क्लेरोस’ हाच शब्द आहे आणि तो पाद्र्यांसाठी नव्हे, तर संपूर्ण कळपासाठी वापरला आहे! त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सगळ्या विश्वासणाऱ्यांना देवाचे ‘लाओस’ म्हटले आहे आणि त्याच दमात त्यांना राजकीय याजकगणही म्हटले आहे. म्हणजे मूळ ग्रंथात क्लेरोस तेही सगळेच, लाओस तेही सगळेच आणि याजक तेही सगळेच. एकाच समूहाची ही तीन नावे आहेत. पुढच्यांनी एक नाव मूठभरांना दिले आणि दुसरे उरलेल्यांना दिले.

‘सामान्य, अदीक्षित’ या अर्थाचा ‘लाइकोस’ हा शब्द तर नव्या करारात एकदाही येत नाही. ख्रिस्ती लिखाणात तो प्रथम दिसतो तो रोमच्या क्लेमेंटने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात, म्हणजे इसवी सन ९६ च्या सुमारास. प्रसंग कोणता होता? करिंथच्या मंडळीने आपल्या काही वडिलांना पदावरून दूर केले होते आणि रोमहून पत्र आले की, सुव्यवस्था पाळा, त्यांना पुन्हा मान द्या. त्यासाठी यहुदी मंदिरातल्या उतरंडीचा दाखला दिला : प्रमुख याजकाचे काम वेगळे, लेव्यांचे वेगळे आणि सामान्याचे वेगळे. ‘सामान्य ख्रिस्ती’ हा शब्द जन्माला आला तोच लोकांना आपली पायरी दाखवण्याच्या प्रसंगी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जुना करार आणि नवा करार

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बायबलमध्ये पुरोहितशाही नाहीच, असे नाही. जुन्या करारात ती आहे आणि तीही जन्मावर आधारलेली. लेवी वंशाला पवित्र सेवेचा मक्ता, त्यातही अहरोनाच्या घराण्याला याजकपद. त्यांना शेतजमिनीचा वाटा नाही, पण इतर वंशांच्या उत्पन्नाचा दशांश त्यांचा. परका कोणी पवित्रस्थानाजवळ आला तर त्याला देहदंड, असे गणनेच्या पुस्तकात लिहिले आहे. त्याच पुस्तकात कोरहाची कथा आहे. कोरह हा लेवीच होता. तो आणि त्याचे साथी मोशे व अहरोन यांना म्हणाले की, सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच स्वतःला उंच का समजता? पृथ्वी दुभंगली आणि त्यांना गिळून गेली, असे कथा सांगते. ज्यांना शंबूकाची कथा ठाऊक आहे, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. पुरोहितांनी जतन केलेल्या कथांत प्रश्न विचारणाऱ्याचा शेवट असाच होतो.

पण त्याच जुन्या करारात, निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायात, संपूर्ण इस्राएल राष्ट्राला याजकांचे राज्य करण्याचे वचनही आहे. म्हणजे दोन प्रवाह आरंभापासून आहेत. येशू यांपैकी कोणत्या प्रवाहात उभा राहिला, हा खरा प्रश्न आहे.

येशू लेवी वंशातला नव्हता. इब्री लोकांस पत्र मुद्दाम सांगते की तो यहूदा वंशातला आणि त्या वंशातल्या कोणाचा याजकपणाशी संबंध नव्हता. मार्काच्या शुभवर्तमानात गावचे लोक त्याला सुतार म्हणून हिणवतात. त्याने गोळा केलेली माणसे मासे धरणारी, जकात वसूल करणारी. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि योहान यांना पाहून यरुशलेमचे धर्माधिकारी चकित होतात, कारण ही माणसे अशिक्षित आणि सामान्य होती. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की, स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, तुम्ही सगळे भाऊ आहात. आज ‘फादर’ ही पाद्र्याची सर्वपरिचित पदवी आहे! मार्काच्या दहाव्या अध्यायात तो सांगतो की, परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. ज्याला मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे. आणि त्याच्या मृत्यूच्या क्षणी मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमानकार लिहितात. ज्या पडद्याआड वर्षातून एकदा फक्त प्रमुख याजक जात असे, तोच हा पडदा. पडदा फाटल्यावर पुन्हा दारात पहारेकरी कशाला?

नव्या करारात यहुदी याजकांना जो ‘हिएरेउस’ शब्द आहे, तो ख्रिस्ती मंडळीच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याला लावलेला नाही. तो येशूला लावला आहे आणि सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून लावला आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात मंडळी जमली की प्रत्येकाजवळ काही तरी असते, असे वर्णन आहे. एकाजवळ स्तोत्र, एकाजवळ शिकवण. एकाने बोलायचे आणि शेकडोंनी गप्प बसायचे, ही पद्धत तेथे दिसत नाही. पौल स्वतः राहुट्या शिवून पोट भरत असे.

दुसरी बाजूही ऐकू

चर्चचे पंडित यावर उत्तर देतात आणि ते ऐकून घेतले पाहिजे. नव्या करारात वडील आहेत, अध्यक्ष आहेत, सेवक आहेत. त्यांची पात्रता तीमथ्य व तीत यांना लिहिलेल्या पत्रांत सांगितली आहे. हात ठेवून नेमणूक करण्याची पद्धत आहे. इब्री लोकांस पत्रात पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असेही आहे. मग भेद नाही असे कसे म्हणता?

भेद आहे, पण तो कामाचा आहे. प्रेषितांच्या विसाव्या अध्यायात इफिसच्या ज्या माणसांना ‘वडील’ म्हणून बोलावले, त्यांनाच पुढे ‘अध्यक्ष’ म्हटले आहे. म्हणजे बिशप आणि वडील ही तेव्हा एकमेकांवर चढलेली पदे नव्हती. ही माणसे अनेक असत, एकटा अधिपती नसे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे शिक्षक आणि पाळक यांचे काम म्हणजे सर्व पवित्र जनांना सेवेसाठी तयार करणे. त्यांच्या वतीने आपणच सगळे करणे नव्हे. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक गृहस्थ येतो. त्याला मंडळीत पहिला नंबर हवा असतो आणि न पटणाऱ्यांना तो बाहेर काढतो. पत्रलेखक त्याची निंदा करतो.

तेव्हा निकाल असा देता येईल : काम वाटून घेणे बायबलला मान्य आहे, माणसांचे दोन दर्जे करणे नव्या कराराला मान्य नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेबद्दल हेच सांगितले होते. ती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. चर्चमध्येही सेवेची विभागणी झाली, तिथे कोणाची तक्रार नव्हती. पुढे सेवकांची उतरंड झाली.

भिंत कशी उभी राहिली

दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नेशियस बिशपशिवाय काही करू नका, असे लिहू लागला. तिसऱ्या शतकात कार्थेजचा सिप्रियन बिशपाला जुन्या करारातल्या याजकाची वस्त्रे चढवू लागला. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने पाद्र्यांना सार्वजनिक कामाच्या सक्तीतून सूट दिली. धर्माला राजाश्रय मिळाला की पुरोहिताला वतन मिळते, हा नियम रोमलाही चुकला नाही. बाराव्या शतकात ग्रेशियनच्या कायदेसंग्रहात तर ख्रिस्ती माणसांच्या दोन जाती आहेत, असे स्पष्टच नोंदवले गेले.

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे द्राक्षारसाचा प्याला. शेवटच्या भोजनात येशूने प्याला दिला आणि सर्वांनी त्यातून प्यावे असे सांगितले. पण मध्ययुगात हळूहळू हा प्याला फक्त पाद्र्याच्या ओठाला लागू लागला. सामान्यांना नुसती भाकर. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने सामान्यांना प्याला देण्यावर बंदी घातली. त्याच परिषदेने त्याच वर्षी बोहेमियाच्या यान हुसला जिवंत जाळले. त्याच्या अनुयायांनी प्याला हेच आपले निशाण केले आणि त्यासाठी ते लढले. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी पिणाऱ्यांच्या वारसांना हे सांगावे लागत नाही की, प्रश्न द्राक्षारसाचा नव्हता. प्रश्न समतेचा होता.

१५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने जाहीर केले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. पण १५२५ मध्ये जर्मनीच्या शेतकऱ्यांनी आपल्या बारा कलमांतली पहिलीच मागणी अशी केली की, आपला पाळक निवडण्याचा आणि काढण्याचा हक्क मंडळीला असावा. शेतकरी बंड करून उठले तेव्हा याच ल्यूथरने सरदारांना त्यांना चिरडून टाकण्याचा सल्ला दिला. समता पुस्तकात लिहिणे सोपे असते. ती कष्टकऱ्याने मागितली की सुधारकाची परीक्षा होते. हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

कॅथलिक चर्चमध्ये १९०६ साली पोप दहावे पायस यांनी चर्च हा मुळातच विषम समाज आहे, मेंढपाळ आणि कळप असे त्यात दोन वर्ग आहेत, असे लिहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण अधिकारी वर्गाच्या प्रकरणाआधी ठेवले आणि सर्वांचे सामाईक याजकपण मान्य केले. मात्र दीक्षित याजकपण हे त्याहून केवळ प्रमाणाने नव्हे तर मूलतःच वेगळे आहे, ही पुस्तीही जोडली. दार किलकिले झाले, भिंत राहिली. २०१८ मध्ये पाद्र्यांच्या हातून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाबद्दल जगभरच्या कॅथलिकांना लिहिलेल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी पाद्रीशाहीला दोषी धरले. २०२३ च्या धर्मसभेत स्त्रियांना प्रथमच मतदानाचा हक्क मिळाला. एवढ्या गोष्टीला किती शतके लागली!

भारतात भिंतीवर भिंत

भारतात या पाद्री-प्रापंचिक भिंतीवर जातीचे आणखी एक थर चढले. सतराव्या शतकात मदुराईत रॉबर्ट डी नोबिली ब्राह्मण संन्याशाच्या वेषात राहिले आणि खालच्या जातींसाठी पुढे वेगळे ‘पंडारस्वामी’ नेमावे लागले. गोव्यात १७८७ च्या पिंटो कटात देशी पाद्री सामील होते. वरची पदे गोऱ्यांनाच मिळतात, हे त्यांचे दुःख होते. कट फसला. सामान्यांपैकी पंधरा जणांना देहदंड झाला आणि पाद्र्यांना लिस्बनला पाठवून कैदेत ठेवले. गुन्हा एकच, शिक्षा मात्र झग्याप्रमाणे! मनुस्मृतीतला दंडविधान ज्यांनी वाचला आहे, त्यांनी तुलना करावी.

अहमदनगरच्या मिशनमध्ये मंडळी वाढली ती प्रामुख्याने महार आणि मांगांच्या बळावर. पण आरंभीच्या देशी पाळकांत हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ही ब्राह्मण धर्मांतरितांची नावे आढळतात. बाबासाहेबांनी भारतातल्या ख्रिस्ती धर्मप्रसारावर लिहिताना हेच बोट ठेवले की, मिशनऱ्यांनी जातीशी तडजोड केली आणि धर्म बदलूनही अस्पृश्याची अवस्था फारशी बदलली नाही.

हे जुने झाले म्हणावे, तर २०१६ चा दाखला घ्या. भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या दलितविषयक धोरणात स्वतःच कबुली दिली की, सुमारे एक कोटी नव्वद लाख कॅथलिकांपैकी सुमारे एक कोटी वीस लाख दलित आहेत, पण नेतृत्वात त्यांचा वाटा अत्यल्प आहे. तमिळनाडूतल्या एरैयूर येथे २००८ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांनी स्वतंत्र धर्मग्राम मागितला, तर सवर्ण ख्रिस्ती त्यांच्यावर चालून गेले आणि प्रकरण पोलिसांच्या गोळीबारापर्यंत गेले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले, तेव्हा ते पहिले दलित कार्डिनल असल्याची बातमी जगभर छापून आली. बातमी आनंदाची आहे. पण दोन तृतीयांशाच्या जवळपास असलेल्या समाजातला पहिला माणूस २०२२ साली तिथे पोचतो, हेच तर दुखणे आहे.

आणि सरकारची तऱ्हा? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या. शिखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला. ख्रिस्ती दलित मात्र चर्चमध्ये दलित आणि सरकारदरबारी निव्वळ ख्रिस्ती, अशा दुहेरी कात्रीत सापडला.

सगळेच पाद्री असे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो भूमाफियांविरुद्ध लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. आदिवासींच्या जमिनीसाठी आयुष्य वेचणारे फादर स्टॅन स्वामी भीमा कोरेगाव प्रकरणात २०२० मध्ये पकडले गेले आणि ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच मरण पावले. झगा घालूनही माणूस लोकांचा होऊ शकतो. परंतु ही त्यांची थोरवी त्यांच्या सेवेची आहे, झग्याची नाही. आणि आमचा मुद्दाही नेमका हाच आहे.

आपल्या घरात डोकावू

आता शेवटचा आणि अधिक अवघड प्रश्न. समजा, बायबलने हा भेद खरोखरच सांगितला असता, तर तो न्याय्य ठरला असता काय? मुळीच नाही. ग्रंथात आहे म्हणून प्रमाण, ही भूमिकाच बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात मोडीत काढली. त्याच भाषणात त्यांनी पौरोहित्य बंद करावे, ते जमत नसेल तर निदान वंशपरंपरेने चालू देऊ नये. परीक्षा घ्यावी, सरकारी सनद द्यावी, असे सुचवले होते. ग्रंथ आपल्या बाजूने बोलला तर तो ख्रिस्ती बांधवांच्या हातातले हत्यार आहे, त्यांनी ते जरूर वापरावे. पण अखेरची कसोटी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हीच.

त्या कसोटीला आपणही उतरले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भदन्त चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. ते भिक्खू नव्हते, उपासक होते. एका उपासकाने लाखोंना धम्म दिला, यातच पुरोहितशाहीला त्यांचे उत्तर आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी लिहिले की, संघदीक्षा होती पण गृहस्थांसाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती, ही मोठी उणीव होती आणि बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण ठरले. भिक्खू हा समाजाचा सेवक असावा, ही त्यांची अपेक्षा होती. गावोगावचे विधी करण्यासाठी भारतीय बौद्ध महासभेने बौद्धाचार्य तयार केले, तेही आपल्यासारखेच संसारी उपासक.

आज मात्र काय दिसते? काही ठिकाणी लग्नाच्या विधीचा भाव ठरतो. काही विहारांत खुर्चीवरून तंटे होतात. त्रिसरण पंचशील घरातल्या आईला पाठ असते, पण ‘भन्तेजी आल्याशिवाय सुरुवात नको’ म्हणून सगळे खोळंबून बसतात. वंदना घेणारा मोठा आणि वंदना म्हणणारा लहान, असे वाटू लागले की समजावे, भिंतीची पहिली वीट पडली. करिंथच्या मंडळीतही सुरुवातीला प्रत्येकाजवळ काही तरी होते. एका पिढीनंतर त्यांना ‘सामान्य’ हे नाव मिळाले.

म्हणून ख्रिस्ती बांधवांना आमचे सांगणे आहे की, तुमचा ग्रंथ तुम्ही स्वतः वाचा आणि रमाबाईंसारखा जाब विचारा. तुमच्या मंडळीच्या मालमत्तेचा हिशेब, पाळकाची नेमणूक आणि स्मशानभूमीतली जागा यांत तुमचा आवाज मागा. आणि आपल्या बौद्ध बांधवांना सांगणे आहे की, येत्या पौर्णिमेला विहारात वंदना घ्यायला एखाद्या मायमाउलीला किंवा शाळकरी मुलीला पुढे बसवा. त्या दिवशी कोणाच्या कपाळाला आठी पडली, तर ती कोणाच्या पडली आणि का पडली, याचा विचार मात्र सर्वांनी मिळून करा.

जयभीम!